निळा दिवा वाढव

२ जानेवारी

ती. मामी,
वाकून नमस्कार.

पोचलो. मामा धडधाकट आहेत, गुडघा कुरकुरतो तितकाच कुरकुरतोय. तुमचा डबा गाडीतच संपला. रिकामा डबा धुऊन, पुसून पिशवीच्या तळाशी ठेवलाय, तेव्हा त्याची चिंता नको. मामा पत्र लिहिणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. "तू आहेस ना, मग लिही," म्हणाले आणि शिडी शोधायला गेले.

थिएटर कित्येक वर्षं बंद होतं. नव्या मालकाने घेतलंय आणि महिनाअखेरीला नव्या नाटकाने उघडायचंय. आत शिरलो तर ओल्या गोधडीसारखा वास. सगळ्या खुर्च्यांवर पांढरी कापडं टाकलेली. अंधारात पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, माणसं डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलीत. मामा म्हणाले, "हे बघ, आत्ताच हाउसफुल." मला हसू आलं नाही.

माझी शाळा लगेच सुरू झाली. मामांनी मला स्टेजवर स्टुलावर बसवलं, समोरून एक दिवा सोडला आणि हातात आरसा दिला. तोंड कसं, तर लाटलेल्या कणकेसारखं सपाट. मग तो घालवून दोन बाजूंनी तिरके दोन लावले, एकावर पिवळसर कागद, एकावर निळसर. एकदम नाक आलं, गाल आले. मग मागून एक. खांद्यांना उजेडाची कड आली आणि मी पडद्यापासून सुटून पुढे आले. "समोरचा दिवा माणूस दाखवतो, बाजूचा आकार देतो, मागचा त्याला भिंतीपासून सोडवतो," मामा म्हणाले. "आणि अंधार फुकट मिळतो असं समजू नकोस. तोही लावावा लागतो."

त्या रंगीत कागदाला जेल म्हणतात. मामा वरून ओरडले, "खारूताई, जेल आण!" तर दारातला वॉचमन दचकून उभाच राहिला. त्याचा काय हिशेब आहे देव जाणे.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. स्टेजच्या वर आडवा लोखंडी पूल आहे. त्यावरून चालत दिवे लावायचे. मधल्या दोन फळ्या नाहीत. त्या भगदाडाच्या अलीकडे एकच रबरी चप्पल पडलेली आहे. कुणाची, म्हणून मॅनेजरना विचारलं तर ते खिडकीकडे बघायला लागले.

तुमची,
खारूताई


६ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय, कोऱ्या पाठी वाया कशाला घालवायच्या? उलटून तारखा बघत बसू नकोस.

मी एका दिव्यात स्वयंपाक, जेवण आणि पोथी उरकते, आणि तुझे मामा एका माणसाच्या तोंडावर चार दिवे लावतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, दिव्यांचं काम करणारा नवरा म्हणजे घरात उजेडच उजेड. प्रत्यक्षात काय, तर जिथे तिथे वायरी आणि घरचा बल्ब गेलेला तो गेलेलाच.

पण चेष्टा राहू दे. त्या दोन फळ्यांचं बघ. मॅनेजरना सांग, मालकांना सांग, कुणी ऐकत नसेल तर सुताराला तूच हाक मार. तुझे मामा म्हणतील, "फळी कुठे नाही ते माहीत असलं की झालं." त्यांचं असंच असतं. घरात उंबरठा कुठे आहे हे यांना तीस वर्षं माहीत आहे, तरी महिन्यातून एकदा ठेच लागतेच. सोबत जुन्या चादरीची पांढरी पट्टी दुहेरी शिवून पाठवतेय. भगदाडाच्या अलीकडे आडवी बांध. पांढरं अंधारातही थोडं दिसतं.

गुडघ्याच्या गोळीची आठवण तू करायची. मी पत्रातून करणार नाही, नाहीतर ते दोनदा घेतील. मागच्या महिन्यात दुधाच्या पानावर एक खाडा लावायचा राहिला होता. मी लावला. त्यांनी माझ्या नकळत अजून एक लावला. दूधवाला दारात उभा राहून म्हणतो, "बाई, मी एक दिवस आलो नाही हे खरं, पण तुमच्या पानावर मी दोन दिवस गायब आहे." एकच चूक दोघांनी दुरुस्त केली की ती पुन्हा चूकच होते. म्हणून तिथलं तू बघ, मी त्यात हात घालणार नाही.

ती चप्पल कुणाची, ते शोधून काढ. आणि मला खरं ते लिही. मी त्यांना एकट्याला पाठवत नव्हते, तू बरोबर आहेस म्हणून पाठवलं. हे विसरू नकोस.

तुझी,
मामी


११ जानेवारी

ती. मामी,
वाकून नमस्कार.

पट्टी मिळाली. मामांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "शिवण बघ. पूल पडेल, पण ही उसवायची नाही." स्वतःच बांधली. फळ्यांचं मॅनेजर म्हणतात, उद्घाटनानंतर. सुतार आला होता, पण त्याला प्रेक्षकांच्या जिन्याचा कठडा दिला. "लोक कठडा बघतात, पूल कोण बघतो?"

चप्पल आधीच्या दिवेवाल्याची. वॉचमनने सांगितलं. तो त्या भगदाडातून खाली आला. जिवंत आहे, पण आता त्याची बायको त्याला भरवते. मामांना हे आधीपासून माहीत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्याकडे पट्टी नव्हती." आणि चप्पल उचलून कपाटात ठेवली, टाकून नाही दिली.

परवा एक दिवा वरून सुटला. प्रत्येक दिव्याला अडकवायच्या खिट्टीखेरीज एक साखळी लागते, खिट्टी सुटली तर दिवा साखळीला लोंबकळावा म्हणून. इथे अर्ध्या साखळ्या गेलेल्या. नटी उभी राहते तिथून हातभर अंतरावर पडला. तिने वर बघितलं, मग खुणेची जागा पायाने थोडी सरकवली आणि पुन्हा वाक्य म्हणायला लागली. त्या दिवसापासून मामा रोज सकाळी स्वतः साखळ्या मोजतात, गावातून तारा आणून वळतात.

माझं काम आता बोर्डावर. शेवटच्या खुर्च्यांच्या मागे काचेची लहान खोली आहे. तिथे ओळीने दांडे. दांडा वर केला की दिवा चढतो, खाली केला की उतरतो. मामा पुलावर, मी खाली. कानाला हेडफोन. त्यांचं बोलणं मला ऐकू येतं, पण माझ्या बाजूचा माइक बिघडलाय, मला उत्तर देता येत नाही. मामा म्हणाले, "बरंच झालं. बोर्डावरच्या माणसाने ऐकायचं आणि करायचं. का, कसं, खरंच का, हे विचारेपर्यंत नाटक पुढे गेलेलं असतं."

तिसऱ्या अंकात एक अवघड जागा आहे, ती सांगते. स्टेजवर पूर्ण अंधार होतो. त्या अंधारात मामांनी पुलाच्या डाव्या टोकाचा मोठा स्पॉट सोडून उजव्या टोकाला जायचं, तिथला स्पॉट हाताने नटीवर धरायचा. मध्ये ते भगदाड. पुलावर एक लहान निळा दिवा आहे, त्याचा दांडा माझ्याकडे. तो सुरुवातीपासून मिणमिणता ठेवायचा. मामा पट्टीजवळ आले की मला सांगतात, मग मी तो चढवते, पांढरी पट्टी आणि पलीकडची फळी दिसते, ते ढांग टाकून जातात. पलीकडे पोचले की पुन्हा सांगतात, मी निळा पूर्ण घालवते, नाहीतर तो खाली स्टेजवर सांडतो. वेळ इतका कमी की त्यांच्या तोंडून शब्द निघतो तेव्हा पाय उचललेला असतो. खाली प्रेक्षक, म्हणून मोठ्याने बोलायची सोय नाही. एकच शब्द.

गोळी रोज देते. बाकी सगळं ठीक.

तुमची,
खारूताई


१५ जानेवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

"बाकी सगळं ठीक." हे वाक्य मी पूर्वी वाचलंय. तुझी आई सासरहून असंच लिहायची, आणि मग एक दिवस ट्रंक घेऊन दारात उभी राहिली. तू तिचीच मुलगी. दिवा पडला ते लिहिलंस, चप्पल कुणाची ते लिहिलंस, मग एवढं भयंकर लिहून झाल्यावर जे "बाकी" राहिलं ते काय?

त्यांच्याविषयी काहीतरी लपवतेयस. मला इथे घास गोड लागत नाही. रोज संध्याकाळी देवापाशी बसते, तर नामाऐवजी डोळ्यांसमोर तो पूल येतो. मी तो बघितलेलाही नाही, तरी फळ्या मोजून सांगेन कुठल्या नाहीत.

चक्कर येते का? छातीत दुखतं का? की डोळ्यांना दिसत नाही? घरी ते पेपर हातभर लांब धरून वाचायला लागलेत. मी म्हटलं चष्मा करा, तर म्हणाले, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हल्ली अक्षरंच बारीक छापतात.

जे असेल ते लिही. अर्धं सांगू नकोस, अर्धं सांगितलेलं रात्रभर मी पूर्ण करत बसते, आणि माझं पूर्ण केलेलं नेहमी तुझ्या खऱ्यापेक्षा वाईट असतं.

मामी


१९ जानेवारी

ती. मामी,
वाकून नमस्कार.

लिहिते. पण एक अट आहे, आणि ती तुम्ही पाळालच असं धरून लिहिते. मामांना यातलं अक्षरही कळू देऊ नका.

मामांचा गोंधळ व्हायला लागलाय. डोळे नाही, छाती नाही. डोकं. म्हणतात एक आणि हवं असतं दुसरं.

दहा तारखेच्या सुमारास पहिल्यांदा झालं. आम्ही दिवे एकेक करून तपासत होतो. मामा पुलावरून म्हणाले, "चौथा वाढव." मी चढवला. ते म्हणाले, "अगं वाढव." मी अजून चढवला. मग ओरडले, "डोळे फुटले माझे, वाढव म्हणतोय ना!" दांडा शेवटाला टेकला होता, अजून कुठून वाढवू? शेवटी त्यांनी वरूनच वायर काढली. खाली आले आणि स्टुलावर टेकले. मला वाटलं, दमलेत.

मग काल. काल दिग्दर्शक, मॅनेजर, मालक, सगळे समोर बसलेले. तिसऱ्या अंकाचा तो अंधार. मामा पट्टीजवळ आले, हळूच म्हणाले, "दे." मी दिला. ते पलीकडे गेले. एकदम बरोबर. आणि मग म्हणाले, "वाढव." मी वाढवला. सगळं स्टेज निळं झालं. खाली नटी अंधारात पदर सावरत होती ती दिसली, मामा पुलावर वाकलेले दिसले, सगळं उघडं पडलं. वरून मामा, "वाढव, वाढव!" आणि मी वाढवतेय. दिग्दर्शक उभे राहिले. "हे काय चाललंय? मेलेल्या बाईच्या सीनला मांडवासारखा उजेड?"

मी पुढे होऊन म्हटलं, माझा हात चुकला. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटतंय, मी खरंच चुकले. नंतर खोलीवर म्हणाले, "कान कुठे असतात तुझे? साधा शब्द कळत नाही?" आणि गुडघा चोळत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाकीच्यांबरोबर असं होत नाही माझं. तुझ्याशीच का होतं कळत नाही."

मॅनेजरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या मामांचं वय झालंय. अजून एकदा असं झालं तर मी दुसरा माणूस बोलावणार." मामांनी हे ऐकलं तर ते त्याच क्षणी बॅग भरतील. आणि मामी, त्यांनी ही रोषणाई उभी केलीय ना, ती बघून परवा वॉचमनही खुर्चीवर बसून राहिला, ड्यूटी विसरून. हे काम त्यांच्या हातून निसटायला नको. पण ज्या माणसाला चढव म्हणायचं की उतरव ते कळत नाही, त्याला त्या भगदाडावर उभं कसं करायचं?

मला भीती वाटते. तुम्हीच सांगा काय करू. त्यांना मात्र कळवू नका. मी चुगली केली असं त्यांना वाटलं तर ते मला बोर्डावरून काढतील आणि तिथे मॅनेजरचा भाचा बसवतील, ज्याला डावा-उजवा कळत नाही.

तुमची,
खारूताई


२२ जानेवारी

चि. खारूताईस अनेक अनेक आशीर्वाद.

आधी एक सांगते, तुझ्या मामांचं डोकं ठिकाणावर आहे. तुझं पत्र वाचता वाचता मला हसू आलं, मोठ्याने, एकटीच घरात.

अगं, आमच्या घरात दिवा कधी विझवत नाहीत. बंद करत नाहीत, घालवत नाहीत. वाढवतात. दिव्याच्या बाबतीत "विझव" असं तोंडातून काढायचं नाही, अशुभ. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. डब्यातलं मीठ संपलं तरी आमच्याकडे ते वाढलेलं असतं. तुझ्या आईच्या घरी हे नाही, तुमच्याकडे सगळं सरळ, "लाइट घालव गं." हा शब्द मी माझ्या माहेराहून आणला. नवी नवरी असताना मी यांना म्हणाले, "देवाजवळचा दिवा वाढवू का?" तर यांनी उठून तेलाची बाटली आणून दिली. पुष्कळ दिवस मला चिडवायचे. मग हळूहळू त्यांच्याही तोंडी बसला. आता घरातला बल्बसुद्धा ते वाढवतात.

बाहेर कामावर ते बाहेरच्यासारखं बोलतात, बंद कर, चालू कर. पण आता कानात घरचं माणूस बसलंय. हेडफोनमध्ये तू आहेस असं कळलं की त्यांची जीभ घरी येते. म्हणून "तुझ्याशीच का होतं." त्यांनाही ते कळलेलं नाही, कारण त्यांना तो शब्द आता वेगळा ऐकूच येत नाही.

तेव्हा नीट वाच आणि पाठ कर. मामा "वाढव" म्हणाले की दिवा बंद करायचा. निळा असो, पिवळा असो, चौथा असो. "दे" म्हणाले की चढवायचा. "वाढव" ऐकलंस की दांडा खाली, ताबडतोब. विचार करत बसू नकोस, त्यांनीच तुला शिकवलंय ना, ऐकायचं आणि करायचं.

तू म्हणतेस तसं, मी त्यांना काही कळवणार नाही. पुरुषाला या वयात "तुमचा शब्द चुकतोय" म्हटलं की तो प्रत्येक शब्द तपासून बोलायला लागतो, आणि पुलावर तपासत बसायला वेळ कुठाय?

मी आज जरा पोटभर जेवणार आहे.

तुझी,
मामी


२९ जानेवारी

ती. मामी,
वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पंचवीसलाच मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण इथे धावपळ चाललीय. मेन लाइनचं काम काढलं होतं, बोर्ड बंद, तालमी नुसत्या ट्यूबलाइटमध्ये झाल्या. आता थेट परवाच्या प्रयोगालाच दिवे लागणार. मामा म्हणाले, "लग्न ठरलं, बघण्याचा कार्यक्रम मागाहून."

मामी, तुमचं पत्र वाचून मी शेवटच्या रांगेत बसून रडले. इतके दिवस मी त्यांच्याकडे आजारी माणसासारखी बघत होते. जेवताना, शिडी चढताना. आणि माणूस आपला साधं घरचं बोलत होता.

तुम्ही सांगितलेलं पाठ केलंय. बोर्ड बंद असला तरी काचेच्या खोलीत जाऊन बसते, डोळे मिटते, मनात मामांच्या आवाजात "वाढव" म्हणते आणि दांडा खाली ओढते. हात आता आपोआप खाली जातो. काल चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "साखर वाढव," तर माझा हात टेबलाखाली गेला.

मामांना मी यातलं काही बोलले नाही. बोलायची गरजही नाही, त्यांना जसं बोलायचंय तसं बोलू देत, मी समजून घेईन. ते हल्ली खुशीत आहेत. परवा त्यांना एक पाकीट आलं, वाचून खिशात ठेवलं आणि दिवसभर मिश्किल हसत होते. मी विचारलं कुणाचं, तर म्हणाले, "सावकाराचं." संध्याकाळी साखळ्या तपासताना मला म्हणाले, "खारूताई, प्रयोगाला बघ, तुला कळेल अशा भाषेत बोलतो की नाही." मी म्हटलं, "तुम्ही बोला कसंही, मला सगळं कळतं आता." ते म्हणाले, "ऐट बघा." आणि आम्ही दोघं हसलो. फार दिवसांनी.

फळ्या तशाच आहेत. पण पट्टी पांढरीस्वच्छ आहे, काल मी धुऊन पुन्हा बांधली.

परवा संध्याकाळी देवापाशी बसाल तेव्हा आमच्यासाठी एक वात जास्त घाला. तुम्ही काटकसरी, माहीत आहे. तरी.

तुमची,
खारूताई


३१ जानेवारी, संध्याकाळ

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. कामात असशील. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर प्रयोग होऊन गेलेला असेल, लोकांनी टाळ्या वाजवलेल्या असतील, म्हणून आता तुला एक गोष्ट सांगायला हरकत नाही.

मी शब्द मोडला. बावीसला तुला लिहिलं की मामांना कळवणार नाही, आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागेना. तू लहान पोर, तुझ्यावर सगळा भार टाकायचा, आणि चुकून त्या क्षणी तुझा हात जुन्या सवयीने वर गेला तर? म्हणून सकाळी उठून त्यांना एक पत्र टाकलं. तुझं नाव कुठेही घेतलं नाही, तालमीचा उल्लेख नाही. नुसतं गमतीत लिहिलं, की हो, तुम्ही त्या परक्या गावात माझ्या माहेरचा शब्द वापरत नाही ना? आपला "वाढव" आपल्या देवघरापुरता. पोरीला तिच्या शब्दात सांगा. उजेड हवा असेल तर "वाढव" म्हणा, नको असेल तर "बंद" म्हणा. तिच्या आईच्या घरी असंच बोलतात.

त्यांचं कार्ड आज दुपारी आलं. तीस वर्षांत त्यांनी मला लिहिलेलं हे दुसरं पत्र. सगळं उतरवते, फार नाही:

"पत्र पोचले. आत्ता कळले पोर का गोंधळत होती. तिला बिचारीला उगाच बोललो. तिला काही सांगत नाही, म्हाताऱ्याची फजिती तिला कशाला. आजपासून तुझ्या हुकुमाप्रमाणे. उजेड हवा तेव्हा वाढव, नको तेव्हा बंद. दिवसभर घोकतो आहे. पट्टी चांगली आहे."

वाचून मी कार्ड देवापुढे ठेवलं. तेव्हा आता तू माझं आधीचं पत्र विसरून

खारूताई, मध्येच उठावं लागलं. शेजारची सून आली होती, तेल मागायला. देवापाशी मी आज मोठा दिवा लावलाय, दोन वातींचा. तो जरा मंदावला होता. ती म्हणाली, "काकू, वाढवू का?" मी घाईने म्हटलं, "नको नको, आज राहू दे जळत." ती हसली. म्हणाली, "अहो, वात वाढवू का म्हणतेय, पुढे करू का. विझवत नाहीये."

ती गेली. मी पुन्हा लिहायला बसले आणि वर काय लिहिलंय ते वाचलं. "आधीचं पत्र विसरून." विसरशील कशी? हे पत्र तुला तीन-चार दिवसांनी मिळणार.

तुझ्याकडे आत्ता माझं बावीसचंच पत्र आहे. त्यात मी लिहिलंय, वाढव ऐकलंस की बंद. त्यांच्या खिशात माझं दुसरं पत्र आहे. त्यात मी लिहिलंय, उजेड हवा तर वाढव. तू त्यांना सांगितलं नसशील, कारण त्यांना कळू द्यायचं नाही असं आपलं ठरलं होतं. त्यांनी तुला सांगितलेलं नाही, ते त्यांनी इथे स्वतःच्या हाताने लिहिलंय. आणि तुझा माइक बिघडलेला.

दूधवाल्याच्या पानावर दोन खाडे.

कदाचित तुम्ही बोलला असाल एकमेकांशी. जेवताना, सहज. कदाचित त्यांच्या तोंडून जुनंच "दे" निघेल. कदाचित सुतार आला असेल. देवा, सुतार आलेला असू दे.

इथे कुणाकडे फोन नाही, पोस्टाचं दार बंद झालंय. आणि असतं उघडं तरी तिथे प्रयोग सुरू झालेला आहे. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, नाटक किती वाजता सुरू होतं आणि तिसरा अंक कधी लागतो हे मला घड्याळ न बघता कळतं. आत्ता नटी खाली येऊन उभी राहील. दिवे उतरतील. ते पट्टीपाशी येतील, माझ्या पट्टीपाशी, आणि तुला कळेल अशा भाषेत एकच शब्द बोलतील. आणि तू माझं ऐकशील. तू गुणी पोर आहेस, तुझा हात चुकणार नाही.

समोरचा दिवा पुन्हा मंदावलाय. वात पुढे करायला हवी. पण हात उचलत नाही. बोट लागून विझला तर, म्हणून मी तशीच बसून त्याच्याकडे बघतेय, आणि तो हळूहळू